दहाव्या दिवसाची मोजणी

तलासच्या बियाणे तपासणी कचेरीत
एकतीस वर्षं मी हेच करते:
ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या,
झाकण, वीस अंश, कपाटाचं दार घट्ट.
चौथ्या दिवशी मोजायच्या, मग दहाव्या.

नात आयपेरी शाळेतून यादी घेऊन आली.
सजीव श्वास घेतो. खातो. वाढतो. हलतो.
आपल्यासारखं दुसरं जन्माला घालतो.
"पाठ झालंय का बघ, आजी."
बघितलं. चुलीतला विस्तव पाचही प्रश्नांत पास.
सावुतबेकचं खेचर शेवटच्या ओळीत नापास,
तरी आज सकाळीच त्यानं माझ्या बाहीचं बटण खाल्लं.
"आणि टेकडीमागचा झरा? त्याला तर सगळे जिवंत म्हणतात."
मी म्हटलं, बाईंना विचार.

"बरं, बी?"
मी पुडी तिच्या कानाशी हलवली.
खुळखुळ. नुसती वाळू.
"निर्जीव," ती म्हणाली,
पेन्सिलीचं टोक चाटून तसं लिहिलंही.
मी खोडलं नाही.
माझ्या धंद्यात दहा दिवसांआधी कुणी बोलत नाही.

माझ्या तक्त्यात रकाने पाच.
धड मोड. वेडावाकडा मोड.
ताजी, पण रुसलेली (सरकारी शब्द वेगळा आहे).
कठीण. मेलेली.
मेलेली ओळखायला यंत्र लागत नाही,
चिमट्यानं दाबलं की सुटते,
आतून पिठूळ पाणी येतं, थोडा वास.
जी दबत नाही,
चिमट्यातून टणकन उडून फरशीवर पळते,
ती अजून आहे.
तिच्यासाठी मी या वयात गुडघ्यांवर रांगते.

आश्विनासारखं ऊन होतं, आमच्याकडे सफरचंदं उतरत होती,
तेव्हा जुन्या काट्याच्या खोलीची भिंत पाडली.
आत एक बरणी. लसूणघास.
चिठ्ठीवर लिडिया पेनरचं अक्षर:
एकोणीसशे बहात्तर. फेकू नये.
लिडियानं मला चिमटा धरायला शिकवला.
मग एक दिवस ती जर्मनीला गेली, तिच्या पणज्यांच्या भाषेत राहायला,
आणि तिकडेच वारली, असं कुणीतरी बाजारात सांगितलं.

शंभर मांडल्या.
चौथा दिवस, शून्य. दहावा, शून्य.
सत्त्याण्णव दबल्या.
तीन नाही दबल्या.

तिघींच्या पाठीवर सुईनं एकेक ओरखडा काढला.
संध्याकाळपर्यंत टरारून फुगल्या.
आयपेरी टाळ्या पिटत नाचली, "प्यायल्या! जिवंत आहेत!"
नाही गं बाई.
पाणी मेलेलीही पिते.
पहिले दोन दिवस दोघी सारख्याच पितात,
सारख्याच गुबगुबीत दिसतात, लिडियासुद्धा फसायची.
तिसऱ्या दिवशी कळतं
प्यायलेल्या पाण्याचं कुणी काय केलं.

आज दुसरा दिवस.
दुपारीच वीज गेली, सगळ्या खोऱ्याची.
कपाट गार पडत चाललं, तशी मी डबी शालीत गुंडाळली,
घरी आणली, कोटाच्या आत पोटाशी धरली.
नियमात वीस अंश.
मी छत्तीस.
हे अहवालात कसं लिहायचं?

आयपेरी शेजारी झोपली आहे, मला लाथा मारत.
यादी उशाखाली.
सहज तिचा गाल बोटानं दाबला,
खळगा पडला, आणि
मी बोट उचलायच्या आत भरूनही आला.

डबी उघडून बघायची नाही, असं ठरवलंय.
रकाना मोकळा आहे.
पहाटे तिसरा लागेल.
वीज अजून आलेली नाही.